माप कोणते धरायचे? : वि. म. दांडेकर यांची कारकीर्द

(दृश्य : काढणीला आलेले सोयाबीनचे शेत, खुंट्या, दोरी, वजनकाटा.)

आपण पाहतो आहोत तो पीक कापणी प्रयोग आहे. यदृच्छेने निवडलेल्या शेतात ठरलेल्या मापाचा तुकडा आखला जातो, त्यातले पीक कापून, मळून तोलले जाते आणि अशा अनेक तुकड्यांच्या सरासरीवरून त्या परिसरातल्या सर्व विमाधारक शेतकऱ्यांना भरपाई मिळणार की नाही, हे ठरते. एकेका शेताच्या नुकसानीऐवजी परिसराचे सरासरी उत्पन्न हा विम्याचा आधार असावा, असा आग्रह 1970च्या दशकात धरला तो पुण्याच्या गोखले राज्यशास्त्र व अर्थशास्त्र संस्थेतील प्रा. विष्णू महादेव दांडेकर यांनी.

दांडेकरांचा जन्म 1920 साली साताऱ्यात झाला. संख्याशास्त्राचे शिक्षण घेऊन ते 1940च्या दशकात गोखले संस्थेत आले, तेव्हा संस्थेचे संचालक धनंजयराव गाडगीळ यांच्या हाताखाली तेथे गावोगाव जाऊन शेतीचा जमाखर्च तपासण्याची शिस्त मुरलेली होती. आकडेमोडीची घट्ट बैठक असलेल्या तरुणाला ही शिस्त मानवली. तिचे एक फळ म्हणजे 1948च्या मुंबई कुळवहिवाट कायद्याची, म्हणजे आपल्या बोलीतल्या कूळ कायद्याची, खुदानपूर यांच्यासह त्यांनी केलेली पाहणी. तिचा अहवाल 1957मध्ये प्रसिद्ध झाला. कायद्याने कुळाला संरक्षण दिले होते. पण पाहणीत असे दिसले की कुळे ‘राजीखुशीने’ जमिनी सोडत होती, कुळे बदलली जात होती आणि जमीनमालकांच्या हातात जमिनी परत जात होत्या. ही राजीखुशी किती खरी होती, हे गावात राहिलेल्या माणसाला वेगळे सांगावे लागत नाही.

(दृश्य : जुन्या कागदांवरील हाताने भरलेले तक्ते.)

गाडगीळांनंतर, 1966पासून, संस्थेचे संचालकपद दांडेकरांकडे आले. नीलकंठ रथ यांच्यासह त्यांनी लिहिलेला भारतातील दारिद्र्यावरचा अभ्यास 1971मध्ये प्रकाशित झाला आणि त्यांचे नाव देशभर पोहोचले. त्या अभ्यासाची रीत आजही वर्गात शिकवण्यासारखी आहे. माणशी रोज 2250 कॅलरींचा आहार ज्या खर्चाच्या पातळीवर मिळू शकतो, ती पातळी त्यांनी राष्ट्रीय नमुना पाहणीच्या, म्हणजे निवडक कुटुंबांचा खर्च नोंदणाऱ्या सरकारी पाहणीच्या, आकडेवारीतून शोधून काढली. 1960-61च्या किमतींनुसार ती ग्रामीण भागात माणशी दरमहा 15 रुपये, तर शहरात साडेबावीस रुपये निघाली. या रेषेखाली ग्रामीण लोकसंख्येपैकी सुमारे 40 टक्के आणि शहरी लोकसंख्येपैकी सुमारे 50 टक्के माणसे होती. जमिनीचे फेरवाटप केल्याने हे दारिद्र्य हटणार नाही, कारण वाटण्याजोगी जमीनच पुरेशी नाही, असे सांगून त्यांनी ग्रामीण भागात सार्वजनिक कामांतून रोजगार देण्याचा मार्ग सुचवला.

मापाला आव्हान मिळणार, हे उघड होते. ते दिले पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी. तेही मूळचे सातारा जिल्ह्यातले आणि संख्याशास्त्राचेच जाणकार. एकाच माणसाची आहाराची गरजसुद्धा दिवसागणिक बदलते, त्यामुळे सरासरी गरजेहून कमी खाणारा प्रत्येक जण कुपोषित धरला तर आकडा फुगतो, असे सुखात्म्यांचे म्हणणे होते. 1980च्या दशकाच्या आरंभी दांडेकरांनी त्याला सविस्तर उत्तर दिले. दोन सातारकरांचा हा वाद उपाशी कोणाला म्हणावे याबद्दलचा होता आणि तो दोघांनीही अखेरपर्यंत सूत्रांच्या व सारण्यांच्या भाषेतच लढवला, याचे आज नवल वाटते.

पीक विम्यातही प्रश्न मापाचाच होता. प्रत्येक शेताचे नुकसान वेगळे मोजायचे म्हटले तर खर्च डोईजड होतो आणि विमा आहे म्हणून हलगर्जी करणाऱ्याला आवर घालता येत नाही. परिसराची सरासरी धरली की या दोन्ही अडचणी सुटतात. 1979मध्ये या तत्त्वावर प्रायोगिक योजना सुरू झाली आणि 1985मध्ये सर्वंकष पीक विमा योजना आली. त्यात एक उणीव मात्र राहिली : शिवार पिकले आणि एकट्याचेच शेत बुडाले, तर सरासरीच्या हिशेबात त्याच्या पदरी काहीच पडत नाही.

(दृश्य : महाराष्ट्राचा जिल्हावार नकाशा.)

1983मध्ये राज्य सरकारने प्रादेशिक असमतोल तपासण्यासाठी सत्यशोधन समिती नेमली आणि अध्यक्षपद दांडेकरांकडे दिले. समितीने जिल्हा हे एकक धरले, राज्याची सरासरी हे माप ठरवले आणि रस्ते, सिंचन, शिक्षण, आरोग्य अशा क्षेत्रांत प्रत्येक जिल्हा त्या सरासरीच्या किती मागे आहे, हे रुपयांत मांडले. ही भरून काढायची तूट म्हणजे अनुशेष. एकूण अनुशेष 3,186.78 कोटी रुपये निघाला. त्यात विदर्भाचे 1,246.55 कोटी, मराठवाड्याचे 750.85 कोटी आणि उर्वरित महाराष्ट्राचे 1,189.38 कोटी होते. एकक प्रदेश न धरता जिल्हा धरल्यामुळे पुढारलेल्या मानलेल्या भागातले मागास जिल्हेही हिशेबात आले. म्हणूनच या आकड्यांवरून राज्यात पुढे बरीच वर्षे खल होत राहिला.

जुलै 1995मध्ये दांडेकरांचे निधन झाले. त्याच वर्षी निर्देशांक व अनुशेष समिती नेमली गेली आणि तिने 1994च्या पातळीवर काढलेला अनुशेष 14,006.77 कोटी रुपयांचा होता. किमती आणि सरासरी दोन्ही बदललेल्या असल्याने हे दोन आकडे शेजारी ठेवून वजाबाकी करता येत नाही.