वाणात आलेली पावडर

मागच्या संक्रांतीत एका हळदीकुंकवाला गेले होते. तीळगूळ झाला, अत्तर झालं आणि वाण म्हणून हातात पडलं पावडरीचं एक गुलाबी पाकीट. वर लिहिलेलं, 'चाळिशीनंतरच्या स्त्रीसाठी'. पूर्वी आपण वाणाला चहाची गाळणी द्यायचो. गाळणी निदान चहा तरी गाळते!

हसताय, पण मी ते घरी नेऊन चष्मा लावून मागची बाजू वाचली. मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरांत छापलं होतं की हे औषध म्हणून वापरायचं नाही. कायद्याने तसं छापावंच लागतं. अशा पावडरी आपल्याकडे अन्न म्हणून विकल्या जातात. औषधाला बाजारात येण्याआधी जी परीक्षा द्यावी लागते, ती यांना नाही. पाकिटावरचा एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नावर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेचा, नंबर हा परवान्याचा असतो, गुणाचा दाखला नव्हे.

मी डॉक्टर नाही. बी.फार्म. झाले, आणि एसटी स्टँडमागच्या आमच्या मेडिकलात २८ वर्षं काउंटरमागे उभी आहे. असल्या डब्या मीही विकल्यात. त्यामुळे शहाणपण शिकवायला आले नाही. काउंटरच्या आतून काय दिसतं तेवढं सांगते.

ही पावडर ज्या त्रासासाठी विकतात, तो पाळी जाण्याचा. शेवटची पाळी येऊन सलग १२ महिने झाले की पाळी गेली म्हणायचं. आपल्याकडे हे साधारण ४६-४७ व्या वर्षी होतं. पण खरा जाच त्याच्या आधीच्या काही वर्षांत. इस्ट्रोजेन, म्हणजे बायकांचं हॉर्मोन, सरळ उतरत नाही, भरती-ओहोटीसारखं वरखाली होतं. मेंदूतला अंगाची ऊब सांभाळणारा भाग त्यामुळे हळवा होतो. अंग एवढंसं तापलं तरी त्याला वाटतं वणवाच लागला, आणि तो घाम सोडतो. याच त्या वाफा. आपल्या किनाऱ्यावर वैशाखात सगळ्याच बायका पदराने वारा घेतात, कोणाचा घाम कशाचा ते कळत नाही. पण पौषातल्या पहाटे चारला, बाकीचं घर गोधडीत असताना जी बाई उठून ओटीवर येऊन बसते, तिला विचारा.

ती बाई माझ्याकडे येते आणि म्हणते, "कायतरी चांगलं दे गो." मग इव्हिनिंग प्रिमरोजच्या तेलाच्या कॅप्सुला निघतात, ब्लॅक कोहोश नावाच्या अमेरिकन मुळीच्या गोळ्या निघतात. चाचण्यांत ते तेल नकली गोळीपेक्षा सरस ठरलेलं नाही. मुळीचा पुरावा लंगडा आहे, आणि ती घेणाऱ्या क्वचित एखादीच्या लिव्हरला सूज आल्याच्या नोंदी आहेत. सोयाबीनचा काहींना थोडा उपयोग होतो, थोडाच.

"पण मला तर फरक पडला!" पडला असेल, मी खोटं म्हणत नाही. चाचण्यांत ज्यांना नुसती पिठाची गोळी दिली त्यांच्याही वाफा जवळजवळ निम्म्याने कमी झालेल्या दिसतात. शिवाय वाफा काळाने आपोआपही ओसरतात. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडते, आणि कावळ्याच्या डबीचे ९०० रुपये होतात.

आणि ज्याने खरंच गुण येतो, त्याची चिठ्ठी मात्र माझ्या काउंटरवरून परत जाते. हॉर्मोनची गोळी किंवा जेल. शेजारीण सांगते, "कॅन्सर होतो त्याने." ही भीती आली २००२ साली, अमेरिकेतली एक मोठी चाचणी मध्येच थांबवली तेव्हा. त्या चाचणीतल्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं. दोन हॉर्मोन एकत्र घेणाऱ्या १०,००० बायकांमागे वर्षाला स्तनाच्या कॅन्सरच्या साधारण ८ केसेस जास्त निघाल्या. आकडा शून्य नाही, पण शेजारीण सांगते तेवढाही नाही. साठीच्या आत, पाळी जाऊन १० वर्षं झाली नसतील आणि त्रास मोठा असेल, तर बहुतेकींना तोट्यापेक्षा फायदा जास्त. ज्यांना स्तनाचा कॅन्सर, पक्षाघात, रक्ताच्या गुठळ्या किंवा लिव्हरचा आजार झालाय त्यांना नाही. हे डॉक्टरशी बोलून ठरवायचं, शेजारणीशी नव्हे, आणि माझ्याशीही नव्हे.

आता माझी चूक. माझ्या मोठ्या जाऊबाईंना ड जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची पाकिटं लिहून दिली होती, आठवड्याला एक. त्यांनी रोज रात्री दुधात घातली. "पावडरच ना ती, दुधातली," असं त्या म्हणाल्या. तीन महिन्यांत तहान थांबेना, पोट साफ होईना, जेवणावर वासना नाही, बोलण्यात घोळ व्हायला लागला. ड जीवनसत्त्व जास्त झाल्याने रक्तात कॅल्शियम भलतंच चढलं होतं. दवाखान्यात सलाईन लावून उतरवावं लागलं. ती पाकिटं माझ्याच दुकानातून गेली होती. दर खेपेला पोरगा यायचा, मी द्यायचे. घरचीच माणसं, कोण चिठ्ठी बघतंय! तेव्हापासून पाकिटावर मी स्केचपेनने वार लिहून देते, 'फक्त रविवार'.

कॅल्शियमचंही तसंच. पाळी गेलेल्या बाईला दिवसाला १००० ते १२०० मिलिग्रॅम लागतं. १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशेच्या आसपास मिळतं, म्हणजे दोन बऱ्यापैकी भाकऱ्या. वर दूध-ताक, काट्यासकट खाल्लेली तारली, मूठभर जवळा. त्यातूनही कमी पडलं तर गोळी, तीही जेवणानंतर. आणि थायरॉइडची गोळी सकाळी उपाशीपोटी घेत असाल तर दोन्हींत चार तासांचं अंतर ठेवा, नाहीतर थायरॉइडची गोळी नीट शोषलीच जात नाही. केस गळतात म्हणून बायोटिन घेणाऱ्यांनी रक्त तपासायला जाताना ते सांगायचं. थायरॉइडचे रिपोर्ट त्याने चुकतात.

दाराशी उभी असलेली पुरुषमंडळी खुशीत दिसतायत. तुमचंही हॉर्मोन, टेस्टोस्टेरॉन, चाळिशीनंतर वर्षाला साधारण एका टक्क्याने उतरतं, फक्त गाजावाजा न करता. शिलाजीतच्या डबीआधी पोटाचा घेर मोजा, आणि घोरत असाल तर ते डॉक्टरला सांगा.

एक गोष्ट मात्र डबी, नाचणी, कशानेही भागवायची नाही. पाळी जाऊन वर्ष झाल्यावर डागभर जरी रक्त दिसलं, तरी त्याच आठवड्यात डॉक्टर गाठायचा. आंबे उतरवून झाल्यावर बघू, गणपती झाल्यावर बघू, असं नाही.

बोलणं पुरे. येताना घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून आणा म्हणून निरोप दिला होता. मागच्या रांगेतल्या काकूंची पिशवी बरीच फुगलेली दिसतेय. या काकू, पुढे या, इथे टेबलावर ओता. पट्ट्या उलट्या करा, आधी तारखा बघू.