एका बॉलला दोन आरोळ्या

नाशिक, सिडको. त्रिमूर्ती चौकामागची गल्ली, रात्रीचे साडेनऊ. अंबड एमआयडीसीतली सेकंड शिफ्ट अजून सुटायची आहे.

डावीकडच्या घरातून आरोळी येते, 'आऊट!' उजवीकडच्या घरात बॉलर अजून रनअपलाच निघालेला असतो. डावीकडे केबल आहे, उजवीकडे मोबाइल. इंटरनेटवरचं चित्र काही सेकंद मागे असतं.

उजवीकडच्यांनी केबल काढली २०२३ साली. तेव्हा आयपीएल जिओसिनेमावर फुकट दिसायची, मग दर महिन्याला केबलवाल्याला पैसे कशाला द्यायचे? हिशेब चुकीचा नव्हता. पण २०२२ च्या लिलावातच आयपीएलचे भारतातले पाच वर्षांचे डिजिटल हक्क, म्हणजे इंटरनेटवर दाखवायचे हक्क, २३,७५८ कोटींना गेले होते, टीव्हीपेक्षाही जास्त किमतीला. एवढी रक्कम कधीतरी वसूल होणारच होती. फेब्रुवारी २०२५ मध्ये जिओसिनेमाच्या जागी जिओहॉटस्टार आलं. मोबाइलपुरता प्लॅन तीन महिन्यांना १४९ रुपये. मोठ्या टीव्हीवर बघायचं तर आणखी. डेटा वेगळा. घरातल्या पोराला फॉर्म्युला वनचं वेड, त्यासाठी फॅनकोड हे ॲप वेगळं.

केबलवरही स्वस्ताई नाही. २०१९ पासून नेटवर्कचे पैसे वेगळे आणि पे चॅनलचे वेगळे.

आता तिसरं घर बघा. पत्र्यावर डीडी फ्री डिशची, म्हणजे दूरदर्शनच्या फुकट डिश सेवेची छत्री. महिन्याचं भाडं शून्य, आणि भारताची वनडे, टी-ट्वेंटी डीडी स्पोर्ट्सवर दिसते. कारण २००७ चा कायदा: राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचं प्रक्षेपण दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारतीला द्यावंच लागतं. मात्र २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं, की हे प्रक्षेपण दूरदर्शनच्या स्वतःच्या टॉवरवरून आणि फ्री डिशवरूनच दाखवायचं. केबलवरून नाही. म्हणजे डावीकडच्या घरात दूरदर्शन लागतं, पण तीच मॅच त्यावर लागत नाही. हे आम्हाला पटत नाही. १९९५ साली, क्रिकेटच्या प्रक्षेपणावरूनच झालेल्या खटल्यात, न्यायमूर्ती पी. बी. सावंतांच्या खंडपीठाने हवेतल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता ठरवली होती. भारताची मॅच केबलच्या घरातही त्याच हक्काने यायला हवी.

आयपीएल मात्र त्या कायद्याच्या यादीत नाही. म्हणून आज तिसऱ्या घरातले आजोबा खुर्ची उचलून डावीकडच्या ओट्यावर येऊन बसलेत. दार उघडंच आहे. शेवटची ओव्हर सुरू होते.