क्लचच्या उंबरठ्यावर

श्रोतेहो, नमस्कार.

बेळगावात शनिवारचा बाजार आहे. गणपत गल्लीच्या तोंडाशी पुढं भाजीचा टेम्पो अडकलाय, उजवीकडून एक स्कूटर घुसतेय, डावीकडून दोन. गाडी पुढं सरकते ती माणसाच्या चालीनं. हायवेला लागून काकतीहून संकेश्वरपर्यंत जाताना क्लच जितका दाबावा लागत नाही, तितका इथं एका गल्लीत दाबावा लागतो. गिअरच्या गाडीत गर्दीचा सगळा भार येतो तो डाव्या पायावर. आजचं बोलणं त्या पायाबद्दलच आहे.

आत काय घडतं ते आधी बघू. इंजिनाला जोडलेली एक जड चकती असते, ती फ्लायव्हील. तिला लागून क्लच प्लेट, आणि त्या प्लेटला फ्लायव्हीलवर दाबून धरणारी प्रेशर प्लेट. पेडल मोकळं असलं की तिन्ही एकजीव फिरतात. पेडल तळाला गेलं की प्रेशर प्लेटची पकड सुटते, मग इंजिन वेगळं आणि चाकं वेगळी. या दोन्ही अवस्थांत प्लेट फारशी झिजत नाही. झिजते ती मधे, ज्याला आपण हाफ क्लच म्हणतो तिथं. समजा फ्लायव्हील मिनिटाला 900 फेऱ्यांनी फिरतंय आणि प्लेट 300 फेऱ्यांनी. या दोहोंतला फरक घासण्यात जातो आणि त्याची उष्णता होते. जागची गाडी हलवायची तर हे घासणं टळत नाही. पण उंबरठ्यावर बसू नये असं घरातली म्हातारी माणसं सांगतात ना, हाफ क्लचचं तसंच आहे. तो ओलांडायचा.

गाडी सुरू करण्यापूर्वी सीट बघा. क्लच पूर्ण दाबल्यावरही गुडघा किंचित वाकलेला राहिला पाहिजे. पाय ताणून बोटांनी ढकलावं लागत असेल तर क्लच अर्धवटच सुटतो, गिअर करकरतो, आणि आपण गिअरबॉक्सला दोष देत बसतो. दुसरं कारण त्याहून साधं असतं. पायाखालचं मॅट सरकून पेडलच्या मागं अडकलेलं असतं, म्हणून पेडल तळाला जातच नाही. गॅरेजला जाण्याआधी मॅट काढून बघा की! आणि जून-जुलैत, भर पावसात, ओल्या गुळगुळीत चपलेनं क्लच दाबायला जाऊ नका. पाय अर्ध्यातून निसटला की गाडी उडी मारते, आणि गल्लीत पुढं माणसंच असतात.

आता निघणं. पहिला गिअर टाका, क्लच सावकाश उचला. एका ठिकाणी इंजिनाचा आवाज जड होतो, अंगाला बारीक थरथर जाणवते. तिथं क्लच धरतो. पाय तिथंच एक-दोन सेकंद थांबवा, चाकं फिरू द्या, मग पूर्ण सोडा. शिकणाऱ्यांची गाडी बंद पडते ती बहुतेक वेळा इथं: चाक हललं की हायसं वाटतं आणि पाय एकदम काढला जातो. सपाट रस्त्यावर डिझेल गाडी बहुधा रेस न देताच निघते. पेट्रोलला थोडी द्यावी लागते, इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा 1,200 ते 1,500 पर्यंत आला तरी पुरे. एसी चालू असेल तर किंचित जास्त. रेस भरपूर देऊन क्लच अर्ध्यावर धरायची सवय मात्र प्लेट खाऊन टाकते.

रांगेत सरकताना पुढची गाडी तीन फूट हलली की आपणही तीन फूट हलायचं, असा नियम कुठंच नाही. एका गाडीएवढी जागा होऊ द्या. मग पहिल्या गिअरमध्ये निघून क्लच पूर्ण सोडा आणि गाडीला आपल्या आपण चालू द्या. पाच वेळा क्लच उचलण्याचं काम एकदाच होतं. त्या जागेत स्कूटर घुसते, हे खरंच आहे. घुसू द्या. ती तिथं थांबत नाही, पुढच्या फटीत जाते. वेग दहाच्या वर टिकत असेल तर दुसरा गिअर घ्या. दुसऱ्यात असताना वेग फारच पडला आणि इंजिन खोकू लागलं, तर रेस वाढवून ओढत राहू नका. क्लच दाबा, पुन्हा पहिला टाका.

राणी चन्नम्मा चौकात लाल दिवा लागला की न्यूट्रल करा आणि पाय क्लचवरून खाली घ्या. पेडल दाबून धरलं की प्रेशर प्लेटला रेटणारं रिलीज बेअरिंग भाराखाली फिरत राहतं, तेच पुढं किरकिरायला लागतं. चालत्या गाडीतही पेडलवर पाय टेकवून ठेवू नका, डावीकडं जमिनीवर ठेवा. टिळकवाडीचं रेल्वे गेट पडलेलं असेल तर इंजिनच बंद करा. गाडी जाईपर्यंत पेट्रोल जाळण्यात अर्थ नाही.

सगळ्यात जास्त घाम फुटतो तो चढावर. कपिलेश्वर पुलावर गाड्यांची रांग थांबलीय आणि मागची गाडी अगदी चिकटून उभी आहे. अशा वेळी कित्येक जण हाफ क्लचवर रेस देत गाडी तोलून धरतात. दिसायला कसब वाटतं, पण प्लेट जाळण्याचा याहून खात्रीचा उपाय नाही. हँडब्रेक ओढा, न्यूट्रल करा, दोन्ही पाय मोकळे ठेवा. निघायच्या वेळी पहिला गिअर टाका. सपाटीपेक्षा थोडी जास्त रेस द्या. क्लच उचलत न्या, आवाज जड झाला आणि बॉनेट किंचित वर आलं की पाय तिथंच धरा. आता हँडब्रेक सोडा. गाडी पुढं निघाली की मग क्लच पूर्ण सोडा. क्रम चुकून हँडब्रेक आधी सुटला तर गाडी मागं घरंगळते. तेव्हा घाबरून क्लच सोडू नका, ब्रेक दाबा आणि पहिल्यापासून सुरू करा. मागचा हॉर्न वाजवेल, वाजवू दे.

चढावर पुढच्या गाडीपासूनही लांब राहा. तिची मागची चाकं रस्त्याला टेकलेली दिसतील एवढं अंतर हवंच. ऊस गाळपाच्या दिवसांत निपाणी, चिकोडीकडं दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर पुढं असेल तर त्याच्या कितीतरी पट ठेवा. भरलेल्या ट्रॉल्या चढावर मागं येऊ लागल्या तर ट्रॅक्टरवाल्याच्या हातात फार काही राहत नाही.

थांबताना आधी ब्रेक, क्लच शेवटी, गाडी बंद पडायच्या बेताला आली की. आधीच क्लच दाबला तर इंजिनाची ओढ जाते आणि सगळा भार ब्रेकवर येतो. तवंदी घाट न्यूट्रलवर उतरणाऱ्यांचे ब्रेक तापतात ते याच कारणानं. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर उतरा.

आता क्लच संपत आल्याचं कसं ओळखायचं? तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये चढावर रेस दिली, काटा वर पळाला, पण वेग वाढला नाही, तर प्लेट सरकतेय. गर्दीत जळका वास आला तर बाजूला घ्या, पंधरा-वीस मिनिटं निवू द्या. केबलवाल्या गाडीत पेडल जड होत गेलं तर केबल विरत असते. ऑइलवर चालणाऱ्या क्लचमध्ये पेडल मऊ पडून खाली राहू लागलं तर बहुधा गळती असते, ऑइलची पातळी बघा.

प्लेट बदलायची तर गिअरबॉक्स उतरवावा लागतो, मजुरी मुख्यतः त्याचीच. म्हणून प्लेट, प्रेशर प्लेट आणि बेअरिंग एकदमच बदलतात. जुनी प्लेट हातात मागून घ्या. सगळीकडं सारखी झिजून रिवेटपर्यंत आली असेल तर तिनं आपलं आयुष्य काढलंय. काळी पडली असेल, प्रेशर प्लेटवर निळे डाग असतील, तर ती हाफ क्लचवर तापलीय. आणि तेलकट असेल तर चूक पायाची नाही, सील गळतंय. ते सील बदलल्याशिवाय नवी प्लेट बसवू देऊ नका, तीही सरकणार.