परदेशातलं भाड्याचं घर : पैसे भरण्याआधी

[दृश्य : रोम, सकाळ. त्रास्तेवेरेमधली अरुंद गल्ली, लाकडी दरवाजे.]

रोमच्या त्रास्तेवेरे भागातली ही जुनी इमारत. दाराशी बेलच्या बटणांची रांग आणि शेजारी एक छोटी पाटी. पाटीवर सुरुवातीला 'आयटी' ही अक्षरं, पुढे आकडे-अक्षरांची लांबलचक ओळ. बॅगा ओढत येणारे पाहुणे सहसा तिच्याकडे बघतही नाहीत. पण इटलीत सुट्टीसाठी घर घ्यायचं असेल, तर सगळ्यात आधी विचारायचा तो हाच नंबर. पाटी दिसण्याच्या कितीतरी आधी, घरी बसून बुकिंग करतानाच.

इटलीत पर्यटकांना थोड्या दिवसांसाठी घर देणाऱ्याला राष्ट्रीय ओळख क्रमांक घ्यावा लागतो. तिथे त्याला सीआयएन म्हणतात. जानेवारी २०२५पासून तो सक्तीचा झाला. इमारतीबाहेर लावायचा आणि प्रत्येक जाहिरातीतही द्यायचा. नंबर न घेता घर भाड्याने दिलं, तर दंड ८०० ते ८,००० युरो.

[दृश्य : मोबाइलच्या पडद्यावर जाहिरात. नंबरावर कॅमेरा स्थिरावतो.]

हा नंबर वाचताही येतो. 'आयटी'नंतरचे सहा आकडे म्हणजे त्या शहराचा सरकारी कोड. रोमचा ०५८०९१, फ्लॉरेन्सचा ०४८०१७, व्हेनिसचा ०२७०४२. जाहिरात फ्लॉरेन्सची आणि आकडे भलतेच, तर तिथेच थांबायचं. व्हेनिसच्या बाबतीत मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवा. खाडीपलीकडचं, जमिनीवरचं मेस्त्रे हेही व्हेनिस पालिकेतच येतं, त्यामुळे कोड तोच. घर कालव्याकाठी आहे की मेस्त्रेच्या रेल्वे स्टेशनजवळ, हे नकाशावरच तपासावं लागतं.

आणि नंबर चोरताही येतो. म्हणून तो जसाच्या तसा इंटरनेटवर शोधा. त्याच नंबरावर दुसऱ्याच घराचे फोटो निघाले, तर ते घर सोडून द्या. फोटोही इंटरनेटच्या चित्र-शोधात टाकून बघा, ते आणखी कुठे वापरलेत ते कळतं. भामटे बहुतेक वेळा विक्रीला काढलेल्या एखाद्या घराचे देखणे फोटो उचलतात.

आपल्याकडच्या कुटुंबांची एक खरी अडचण आहे. इटलीसाठी लागणाऱ्या शेंगेन व्हिसाच्या अर्जासोबत राहण्याच्या जागेचा पुरावा द्यावा लागतो. म्हणजे व्हिसा हातात नसताना घर ठरवायचं. त्यात मे महिन्याची सुट्टी, सोबत आजी-आजोबा, सकाळच्या चहा-पोह्यांसाठी स्वयंपाकघर हवंच. या घाईत माणूस हव्या त्या तारखांना स्वस्तात मिळणाऱ्या घरावर भाळतो. म्हणून आधी रद्द करण्याची अट वाचा. व्हिसा नाकारला गेला, तर किती तारखेपर्यंत पूर्ण पैसे परत मिळतील? हे उत्तर जाहिरातीत स्पष्ट लिहिलेलं असलं पाहिजे. फोनवरच्या तोंडी आश्वासनावर जाऊ नका.

[दृश्य : चॅटचा पडदा. एकामागून एक येणारे संदेश.]

मग घरमालक म्हणवणाऱ्याचा संदेश येतो. 'घर रिकामं आहे, पण मी सध्या दुसऱ्या देशात असतो. बुकिंगच्या अ‍ॅपवर कमिशन जातं. थेट बँकेत पाठवलंत तर पंधरा टक्के कमी करतो.' सोबत एक लिंक. ती उघडली की हुबेहूब ओळखीच्या साइटसारखं पान. कधी संदेश याहून धारदार असतो : 'चोवीस तासांत कार्ड पुन्हा पडताळा, नाहीतर बुकिंग रद्द.' हा तुमच्या खऱ्या बुकिंगच्या चॅटमध्येही येऊ शकतो, कारण कधीकधी यजमानाचंच, म्हणजे घर देणाऱ्याचंच खातं कुणीतरी ताब्यात घेतलेलं असतं. अशी लिंक उघडायची नाही. अ‍ॅप स्वतः उघडून, त्यातूनच कंपनीला विचारायचं.

पैसे अ‍ॅपच्या आतच का भरायचे, याचं कारण साधं आहे. उदाहरणार्थ एअरबीएनबी, हे घरं भाड्याने मिळवून देणारं अ‍ॅप. तिथे यजमानाला पैसे साधारणपणे तुम्ही घरात शिरण्याच्या ठरलेल्या वेळेनंतर चोवीस तासांनी सोडले जातात. घरच नसेल किंवा भलतंच असेल, तर ओरड करायला वेळ मिळतो. थेट बँकेतून परदेशी पाठवलेली रक्कम मात्र एकदा समोरच्याच्या खात्यात पडली की परत मिळवणं फार कठीण. आपली बँक रक्कम पाठवण्याचं कारण विचारते, फॉर्म भरून घेते. पण समोर घर खरंच आहे का, हे बँक तपासत नाही.

क्रेडिट कार्ड वापरा. त्यावरचा परदेशी व्यवहाराचा पर्याय बँकेच्या अ‍ॅपमधून गरजेपुरता चालू करा, मर्यादा घाला, काम झालं की बंद करा.

[दृश्य : जुन्या इमारतीचा दगडी जिना, खालून वर.]

आता प्रत्यक्ष घराकडे. रोम आणि फ्लॉरेन्सच्या जुन्या भागात कितीतरी इमारतींना लिफ्ट नाही. गुडघे दुखणारी आई सोबत असेल, तर मजला किती आणि लिफ्ट आहे का, हे दोन प्रश्न चॅटमध्ये लेखी विचारा. उत्तर खोटं निघालं, तर तोच तुमचा पुरावा.

आणि हे तर आवर्जून विचारा : गॅसगळती आणि कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू ओळखणारी यंत्रं आहेत का? अग्निशामक सिलिंडर? इटलीच्या कायद्याने अशा घरांत ही उपकरणं बंधनकारक केली आहेत. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो. झोपेत तर तो कळतच नाही.

पोहोचल्यावर यजमान पासपोर्ट मागेल. घाबरू नका, पाहुण्यांची माहिती पोलिसांना कळवणं त्याच्यावर कायद्याने बंधनकारक आहे. पण बुकिंग व्हायच्या आधीच व्हॉट्सअ‍ॅपवर पासपोर्टचा फोटो मागणाऱ्याला तो देऊ नका.

[दृश्य : संध्याकाळ. बंद दारासमोर बॅगा घेऊन उभं कुटुंब.]

आणि एवढं करूनही दार उघडलं नाही, तर? तिथल्या तिथे दाराचा, पाटीचा, बेलवरच्या नावांचा फोटो काढा. अ‍ॅपमधूनच तक्रार करा. चॅट पुसू नका. मुलं आणि म्हातारी माणसं आधी जवळच्या हॉटेलात पोहोचवा, पावती जपून ठेवा. मग पोलीस ठाण्यात किंवा काराबिनिएरींकडे (इटलीचं लष्करी पोलीस दल) लेखी तक्रार नोंदवा आणि तिची प्रत मागून घ्या. बँकेत व्यवहाराला हरकत घेताना किंवा प्रवास विम्याचा दावा करताना ती उपयोगी पडते. जिवाला धोका वाटला, तर ११२. पासपोर्टही गेला असेल, तर रोममध्ये भारतीय दूतावास आहे, मिलानमध्ये वाणिज्य दूतावास.

पैसे भारतातल्या खात्यातून किंवा कार्डावरून गेले असतील, तर बँकेला त्याच क्षणी फोन करून कार्ड बंद करायला सांगा. घरी कुणी असेल, तर त्यांना सायबर गुन्ह्यांच्या १९३० या मदत क्रमांकावर लगेच तक्रार करायला सांगा. सकाळची वाट बघू नका. रक्कम पुढच्या खात्यात सरकण्याआधी अडवता येते, ती याच पहिल्या काही तासांत.