भूर्जपत्रावरचा झिझ्नोमीर

(दृश्य: काचेखालची साल, अक्षरं अगदी जवळून)

भूर्जाच्या सालीचा हा तुकडा रशियातल्या नोव्हगोरोदचा. यावर शाई नाही. टोकदार लेखणीने सालीच्या आतल्या मऊ बाजूवर अक्षरं कोरली आहेत. ओल्या चिकणमातीत हवा पोचली नाही, म्हणून ती नऊशे वर्षं टिकली. जमिनीतून निघते तेव्हा साल गुंडाळलेली असते. तशीच उलगडली तर तडकते. म्हणून आधी गरम पाण्यात भिजवायची, हलक्या हाताने सरळ करायची आणि दोन काचांमध्ये दाबून वाळवायची. १९५१पासून अशी हजाराहून जास्त पत्रं निघाली.

हे १०९ क्रमांकाचं. पहिलीच ओळ: ‘झिझ्नोमीरकडून मिकुलाला.’ मिकुला म्हणजे निकोलस, चर्चबरोबर आलेलं ग्रीक नाव. झिझ्नोमीर मात्र अस्सल स्लाव, म्हणजे रशियन, पोलिश, सर्बियन या भाषांच्या कुळातलं. ‘झिझ्न’ म्हणजे जीवन. आपला ‘जीव’ त्याच मुळातला.

(दृश्य: फळ्यावर नावांची फोड)

अशा जोडनावाचे दोन तुकडे करायचे आणि प्रत्येकाचं जुनं रूप शोधायचं. आजच्या शब्दकोशावर विसंबलं की फसगत होते. पोलिश बोलेस्लावमध्ये आजच्या कानाला ‘बुल’, म्हणजे दुखणं, ऐकू येतं. खरा शब्द ‘अधिक, थोर’ या अर्थाचा, संस्कृत ‘बलीयान्’चा भाऊबंद. ‘स्लाव्हा’ म्हणजे कीर्ती, वेदातलं ‘श्रवस्’.

व्लादिमीरचं तसंच. ‘व्लाद’ म्हणजे सत्ता. ‘मीर’ म्हणजे शांतता, असं सगळे सांगतात. पण जुन्या इतिवृत्तांत हे नाव ‘वोलोदिमेर’ असं येतं, आणि ‘मेर’ म्हणजे थोर. पुढे ओळखीचा ‘मीर’ कानात बसला आणि लेखनही बदललं.

बोगदान तर आपल्याला सांगावाच लागू नये. ‘बोग’ म्हणजे देव, ‘दान’ म्हणजे दिलेला. महाभारतातला भगदत्त आठवा: दोन्ही तुकडे तेच.

बाप्तिस्म्याच्या नावांपुढे यातली पुष्कळ नावं मागे पडली.

(दृश्य: सर्बियन कोशाचं पान, ‘वुक’ या शब्दावर बोट)

वुक म्हणजे लांडगा, संस्कृत ‘वृक’. वुक कराजिच यांच्या १८१८च्या या कोशात नावामागचं कारणही दिलंय. एखाद्या बाईची मुलं जगत नसली, की पुढच्याचं नाव वुक ठेवायचं. मुलं खाणाऱ्या चेटकिणी लांडग्याच्या वाटेला जात नाहीत. आपल्याकडे अशाच घरात धोंडू, दगडू जन्मायचे. कराजिच यांनी पुढे लिहिलंय, की त्यांचं स्वतःचं नावही याच कारणाने ठेवलं.