परड्यातला मे महिना

(दृश्य: विहीर, राहाट, कळशी वर येते)

कुडाळ तालुक्यातलं एक लहानसं घर आणि मागचं परडं. मे महिना. चिऱ्याने बांधलेल्या विहिरीचं पाणी तळाशी गेलंय, त्यामुळे इथे पाणी एकदाच वापरून सोडून देत नाहीत. न्हाणीतलं पाणी या चरातून केळीच्या बुंध्याशी जातं आणि पुढे अळवात मुरतं. विहिरीच्या ताज्या पाण्याचा मान फक्त मिरची, वांगी आणि तांबड्या माठाला. तेही तांब्याने, मुळाशी.

(दृश्य: वाफ्यांवरचं निळं जाळं)

हे जाळं मासेमारीतून निवृत्त झालेलं. रोपं कोवळी असेपर्यंत कोंबडीला वाफ्यात पाय ठेवू द्यायचा नाही. भाजी काढून झाली की मात्र जाळं उचलायचं आणि सगळ्या कळपाला आत सोडायचं.

(थोडा वेळ फक्त उकरण्याचा आवाज)

अळ्या, वाळवी, तणाचं बी, काही शिल्लक राहत नाही. नांगरणी आणि फवारणी, दोन्ही कामं फुकटात झाली. खुराड्यातली विष्ठा ताजी घातली तर रोपं करपतात, म्हणून ती पातेऱ्यात, म्हणजे वाळक्या पानांत, मिसळून खड्ड्यात कुजवतात. पुढच्या हंगामाचं खत तिथे तयार होतंय.

(दृश्य: मांगरातला, म्हणजे परड्यातल्या खोपीतला, अंधारा कोपरा, पेंढ्यावर बसलेली कोंबडी)

ही खुडूक आहे, म्हणजे अंडी उबवायला बसलेली. हात जवळ नेला की पिसं फुलवते, टोचते. या घरच्या काकींनी तिच्याखाली अंडी निवडून ठेवली आहेत: ताजी, तडा नसलेली, आणि तिच्या पंखांखाली मावतील एवढीच. आता 21 दिवस. पोटाची पिसं झडून तिथली उघडी कातडी थेट अंड्यांना ऊब देते. चोचीने ती अंडी दिवसातून कितीतरी वेळा फिरवते, नाहीतर गर्भ कवचाच्या आतल्या पडद्याला चिकटतो. दाणापाण्यासाठी उठते, ते तेवढ्यापुरतं.

(दृश्य: रात्र, अंड्यामागे बॅटरीचा उजेड)

आठवड्याने अशी परीक्षा होते. आत तांबड्या शिरांचं जाळं दिसलं तर जीव धरलाय. नितळ दिसलं तर अंडं बाहेर.

पोल्ट्रीत अंड्यांसाठी पाळतात त्या जातींमधून हा खुडूकपणा निवड करकरून जवळजवळ घालवला आहे, कारण कोंबडी बसली की अंडी थांबतात. तिथे पिल्लं यंत्रात निघतात. या मांगरात यंत्र नाही. वीज गेली तरी काही अडत नाही, आणि मे महिन्यात ती बऱ्याचदा जाते.

(दृश्य: पिल्लं, पालथं मडकं)

पिल्लांचा खुराकही घरचाच. मडक्यात ओलं शेण आणि पेंढा भरून ते वाळवीच्या जागी पालथं घालतात. मडकं उचललं की पिल्लांची ही झुंबड! पावसाआधी त्यांच्या अंगावर पिसं यायला हवीत. भिजलेलं पिल्लू गारठून जातं.

(दृश्य: दुपार, फणसाखाली चोच उघडून धापा टाकणाऱ्या कोंबड्या)

कोंबडीला घाम येत नाही. ती अशी धापा टाकून अंग निववते. त्यात चारा कमी खाल्ला जातो, अंड्यांचं कवचही पातळ होतं. काकी पाण्याची परळं सावलीत हलवतात आणि शिजवलेल्या अंड्यांची टरफलं कुटून दाण्यात घालतात.

(दृश्य: खळ्यात वाळणारी कोकमं)

खळ्यात सोलं, म्हणजे कोकमाच्या साली, पडली आहेत. रसात बुडवायची, वाळवायची, पुन्हा बुडवायची. या तांबड्या रंगासाठी कॅमेरा इथे जरा जास्तच रेंगाळला, हे मान्य. राखणीला मुंबईहून आलेली नातवंडं आहेत, हातात काठी आणि तोंडात आंबा. कोंबड्यांना दोन्ही ठाऊक आहे.

घार आणि मुंगूस काही पिल्लं नेतातच. मानमोडी, म्हणजे राणीखेत रोग, आली तर आख्खं खुराडं रिकामं होतं. त्यावर लासोटा लस आहे. पिल्लू आठवड्याचं व्हायच्या आत डोळ्यात एक थेंब.

(दृश्य: कुंपणावर तुरेवाला कोंबडा)

जूनच्या पहिल्या आठवड्यानंतर मिरग, म्हणजे मृग नक्षत्र, लागेल. भाताचा पेरा सुरू होईल, सोलं बरणीत जातील, परड्यात भेंडी आणि पडवळाचं बी पडेल. मिरगाला इथे कोंबडा लागतो, वड्यांबरोबर. तो हाच.