बहुमत कुठलं मोजायचं?

मंडळी, आयर्लंड म्हटलं की आपल्याकडे जुन्या वाचकांना होमरूल आठवतं आणि नंतरच्या पिढीला बेलफास्टचे बॉम्बस्फोट. होमरूलची आठवण रास्तच आहे. टिळकांनी बेळगावात होमरूल लीग काढली ती एप्रिल 1916 मध्ये, काका बाप्टिस्टा तिचे अध्यक्ष, आणि त्याच महिन्यात डब्लिनमध्ये ईस्टरचं बंड झालं. बॉम्बस्फोटांच्या बातम्यांबरोबर मात्र एक समजही आपल्याकडे आला, की हा कॅथलिक विरुद्ध प्रॉटेस्टंट असा धर्माचा तंटा आहे. आता बघा, आयर्लंडमध्ये प्रजासत्ताकाची कल्पना ज्यांनी रुजवली, ते ‘युनायटेड आयरिशमेन’ 1791 मध्ये उभे राहिले ते बेलफास्टमध्येच, आणि त्यांतले बहुतेक संस्थापक प्रेस्बिटेरियन, म्हणजे प्रॉटेस्टंट होते. त्यांचा पुढारी वुल्फ टोन हाही प्रॉटेस्टंटच. तेव्हा माणूस कुठल्या गोटातला, हे धर्मावरून आज बहुधा ओळखता येतं. भांडण कशाचं आहे, ते त्यावरून कळत नाही.

भांडण आहे मोजणीचं. ब्रिटनशी जोडलेलंच राहायचं म्हणणारे युनियनिस्ट, आणि संपूर्ण बेटाचं एक स्वतंत्र प्रजासत्ताक मागणारे रिपब्लिकन. शंभर वर्षं दोघंही एकच गोष्ट सांगत आलेत : बहुमत आमच्या बाजूने आहे. आणि दोघंही खरं बोलतात! डोकी मोजण्याआधी कुंपण कुठे घालायचं, तिथे घोडं अडलंय.

1918 ची निवडणूक घ्या. अख्ख्या बेटातून वेस्टमिन्स्टरवर, म्हणजे लंडनच्या संसदेत, 105 खासदार जायचे. त्यांतले 73 शिन फेन या रिपब्लिकन पक्षाचे निवडून आले, आणि लंडनला न जाता त्यांनी डब्लिनमध्ये स्वतःची संसद भरवली. रिपब्लिकन आजही याच निवडणुकीकडे बोट दाखवतात : देशाने कौल दिला, मग फाळणी कुणी केली? युनियनिस्ट विचारतो, देश म्हणजे नेमका कुठला? माझा देश युनायटेड किंगडम, आणि ईशान्येच्या कोपऱ्यात आम्हीच जास्त. त्याच्याही हाती पुरावा होता. 28 सप्टेंबर 1912 ला बेलफास्टच्या सिटी हॉलमध्ये, युनियन जॅक अंथरलेल्या टेबलावर, युनियनिस्टांचा पुढारी एडवर्ड कार्सन याने ‘अल्स्टर कव्हेनंट’वर, म्हणजे आयर्लंडच्या होमरूलला विरोध करण्याच्या शपथपत्रावर, पहिली सही ठोकली होती. पुरुषांचा मसुदा वेगळा, बायकांचा वेगळा. दोन्ही मिळून जवळजवळ पावणेपाच लाख सह्या झाल्या.

इथे थोडं थांबतो, कारण पुढचा भाग फार बोलला जात नाही. बेटाच्या उत्तरेकडच्या अल्स्टर प्रांतात काउंट्या, म्हणजे जिल्हे, नऊ. सह्या नऊही काउंट्यांतून झाल्या होत्या, ‘आपण एकमेकांना सोडायचं नाही’ अशा शपथेवर. 1920 मध्ये प्रत्यक्ष फाळणीची रेघ ओढायची वेळ आली, तेव्हा युनियनिस्ट पुढाऱ्यांनी हिशोब केला. नऊ काउंट्या घेतल्या तर बहुमत काठावर. सहा घेतल्या तर पक्कं. त्यांनी सहा घेतल्या, तेच उत्तर आयर्लंड. डॉनेगल, कॅव्हन आणि मोनाहन या तीन काउंट्यांतले सह्या करणारे युनियनिस्ट सीमेपलीकडे राहिले, शपथेसकट. उलट फर्मॅना आणि टिरोन या दोन काउंट्यांत कॅथलिकांची संख्या जास्त असूनही त्या आत घेतल्या गेल्या. स्वतः कार्सन डब्लिनचा. त्याला अख्खं आयर्लंड ब्रिटनमध्ये ठेवायचं होतं, अल्स्टर ही त्याची अडवणुकीची पाचर होती. शेवटी हातात तेवढी पाचरच उरली. उत्तर आयर्लंडचा पहिला पंतप्रधान व्हायला त्याने नकार दिला आणि ती खुर्ची जेम्स क्रेगकडे गेली.

1921 च्या ब्रिटन आणि आयरिश पुढाऱ्यांमधल्या तहात बाराव्या कलमाने सीमा आयोग नेमायचं ठरलं होतं. निकष काय? रहिवाशांची इच्छा, आर्थिक आणि भौगोलिक परिस्थितीशी जुळेल तेवढी. ज्यांनी ‘खेडं हा घटक, भौगोलिक सलगता, भाषिक बहुसंख्या, लोकेच्छा’ ही आपली बेळगावची मागणी ऐकत उमर गेली, त्यांना पुढचं सांगायलाच नको. खेडं धरायचं की काउंटी, हेच कलमात लिहिलेलं नव्हतं. आयोगाचे अध्यक्ष न्यायमूर्ती फीदम यांनी सीमा थोडीफारच हलवायचं ठरवलं. नोव्हेंबर 1925 मध्ये ते लंडनच्या एका वर्तमानपत्रात फुटलं, आणि अहवाल न छापता सरळ बासनात बांधला गेला. सीमा होती तिथेच राहिली.

पुढची पन्नास वर्षं भरभर सांगतो, ती तुम्हाला ठाऊक असतील. स्टॉरमाँटमध्ये, म्हणजे उत्तर आयर्लंडच्या संसदेत, एकाच युनियनिस्ट पक्षाचं सलग राज्य, डेरी शहरात अल्पमताला नगरपालिका मिळेल असे कोरून काढलेले वॉर्ड, 1968 ची नागरी हक्कांची चळवळ, 30 जानेवारी 1972 ला डेरीत ब्रिटिश सैनिकांनी निदर्शकांवर गोळ्या झाडल्या तो ‘ब्लडी संडे’, आणि त्याच वर्षी स्टॉरमाँट स्थगित. मार्च 1973 मध्ये ब्रिटनबरोबर राहायचं की आयर्लंडबरोबर जायचं, यावर उत्तर आयर्लंडमध्ये सार्वमतही झालं. राष्ट्रवाद्यांनी, म्हणजे अखंड आयर्लंड हवं असणाऱ्यांनी, बहिष्कार घातला, त्यामुळे 98.9 टक्के मतं ब्रिटनच्या बाजूने पडली. म्हणजे मोजणी झाली आणि कुणालाच पटली नाही. एक खुलासा : अखंड आयर्लंड हवं असणारा प्रत्येक जण रिपब्लिकन नसतो. जॉन ह्यूम यांच्या एसडीएलपी या राष्ट्रवादी पक्षाने सनदशीर मार्ग कधी सोडला नाही. रिपब्लिकन म्हणजे त्या काळात बहुधा ब्रिटनची सत्ताच मुळात न मानणारे. शिन फेनचे खासदार आजही निवडून येतात आणि वेस्टमिन्स्टरमध्ये बसत नाहीत, कारण बसायचं तर राजाशी निष्ठेची शपथ घ्यावी लागते.

1998 मध्ये हा हिंसाचार थांबवायला झालेल्या गुड फ्रायडे कराराची थोरवी शांततेत आहेच, पण मला तो मोजणीचा करार म्हणून जास्त महत्त्वाचा वाटतो. रिपब्लिकनांनी पहिल्यांदा मान्य केलं की सहा काउंट्यांचं बहुमत वेगळं मोजलं जाईल. ज्या कुंपणाला त्यांनी कधी मानलं नाही, ते कुंपण मोजणीपुरतं स्वीकारलं. युनियनिस्टांनी मान्य केलं की ब्रिटनशी नातं कायमचं नाही, बहुमत आहे तोवरचं आहे. मे महिन्यात सीमेच्या दोन्ही बाजूंना एकाच दिवशी मतदान झालं. उत्तरेत 71 टक्के होकार, दक्षिणेत 94.

मग वाद मिटला का? त्याच सिटी हॉलवर परत चला. 1906 पासून तिथे वर्षाचे सगळे दिवस युनियन जॅक फडकत असे. 3 डिसेंबर 2012 ला महापालिकेत ठराव आला. शिन फेन आणि एसडीएलपीला झेंडा पुरता उतरवायचा होता, युनियनिस्टांना एकही दिवस कमी नको होता. निर्णायक मतं अलायन्स पक्षाची. हा पक्ष दोन्ही गोटांत नाही. त्यांनी ठरावीक दिवशीच, म्हणजे वर्षातून 18 दिवस, झेंडा लावण्याची तडजोड मांडली आणि 29 विरुद्ध 21 मतांनी ती मंजूर झाली. बाहेर जमाव फाटकावर धडका देत होता. निदर्शनं कित्येक महिने चालली. मार बसला तो अलायन्सच्या कार्यालयांना, शिन फेनच्या नव्हे. मधे उभं राहणाऱ्याला जगभर हाच प्रसाद मिळतो. आता न्याय कसा करणार? युनियनिस्ट म्हणतो, प्रदेश ब्रिटनचा आहे, हे करारातच लिहिलंय, मग झेंडा अर्धवेळ कसा? रिपब्लिकन म्हणतो, दोन्ही ओळखींना समान मान, हेही करारातच आहे. मला विचाराल तर दोघांच्याही हातात एकाच कराराची वेगवेगळी पानं होती.

2022 च्या उत्तर आयर्लंड विधानसभेच्या निवडणुकीत 90 पैकी शिन फेनला 27 जागा, युनियनिस्टांच्या डीयूपी पक्षाला 25 आणि अलायन्सला 17. ब्रेक्झिटनंतर ब्रिटनमधून आयरिश समुद्र ओलांडून येणाऱ्या मालावर बसलेल्या तपासण्यांवरून डीयूपीने सरकार अडवलं होतं, ते फेब्रुवारी 2024 मध्ये बनलं आणि मिशेल ओ’नील पहिल्या रिपब्लिकन ‘फर्स्ट मिनिस्टर’ झाल्या. डीयूपीच्या एमा लिटल-पेंगेली उपपदावर असल्या तरी दोघींचे अधिकार कायद्याने अगदी सारखे. 2021 च्या जनगणनेत कॅथलिक पार्श्वभूमीचे लोक 45.7 टक्के, प्रॉटेस्टंट 43.5. ज्या सहा काउंट्या बहुमत पक्कं राहावं म्हणून निवडल्या, तिथेच ते उरलं नाही.

तरी सार्वमत कधी? कायदा म्हणतो, अखंड आयर्लंडच्या बाजूने बहुमत पडण्याची शक्यता आहे असं लंडनच्या मंत्र्याला दिसलं, की ते घ्यायचं. कशावरून दिसायचं, पाहणीवरून की जागांवरून, ते कायद्यात नाही. आणि आता भूमिकांची अदलाबदल झालीय. ज्यांनी साध्या बहुमतावर पन्नास वर्षं राज्य केलं, त्या गोटातून ऐकू येतं की पन्नास टक्के अधिक एक मत एवढ्यावर देश बदलू नये. ज्यांनी सहा काउंट्यांची मोजणीच नाकारली होती, ते म्हणतात तिथलं एक मत जास्त पडलं तरी पुरे. एसडीएलपीचे शेमस मॅलन यांनी 2019 मध्ये आपल्याच बाजूला सुनावलं होतं की काठावरच्या बहुमताने एकीकरण करू नका, युनियनिस्टांतल्याही पुरेशा लोकांची संमती येईपर्यंत थांबा. शिन फेनने ते धुडकावलं. कायद्यात साधं बहुमतच आहे.